सगळ्या मोटारी बंद

संगीतातलं मला कळतं, हे माझं मीच सांगणं बरं दिसत नाही. पण दुसरं कोणी सांगत नाही म्हणून सांगावं लागतं. अठ्ठ्याहत्तर साली, मोठमोठ्या शहरांतल्या लोकांनी ज्याचं नावसुद्धा धड ऐकलं नव्हतं, ते सिंथेसायझर नावाचं यंत्र मंगरूळपीरला आमच्या घरात पलंगावर ठेवलेलं होतं. खाली ठेवलं तर त्याला ओल लागेल, अशी मला भीती! त्यामुळे मी आणि माझी बायको लिला खाली सतरंजीवर झोपायचो.

मी पंचायत समितीत बाबू. पण ही झाली पोटापुरती ओळख. खरी ओळख म्हणजे मी ‘नवजागृती गायन पार्टी’चा पेटीवाला. ही पार्टी माझ्या बाबांनी छप्पन्न सालच्या दीक्षेनंतर काढली. तिचा निळा बोर्ड त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवला होता. अक्षरं जरा उजवीकडे घसरलेली होती, पण ती बाबांची होती. बाबा गेल्यावर पेटी आणि बोर्ड माझ्याकडे आले, आणि गळा गेला माझ्या चुलतभावाकडे, उकंडदादाकडे. दादा गायला लागला की बायका चुलीवरचं कालवण करपू द्यायच्या. ढोलकीला जवळच्या तांड्यावरचा हेमला होता. असा आमचा सुखाचा संसार चालला होता.

त्यात बिब्बा घातला माझ्या साळ्यानं. पंजाबराव हा लिलाचा सख्खा भाऊ, आणि कारंजा लाडच्या गायन पार्टीचा पेटीवाला. दरवर्षी जयंतीच्या महिन्यात शेलूबाजारला आमचा आणि त्यांचा गाण्याचा मुकाबला व्हायचा. लोक दोघांनाही टाळ्या वाजवायचे आणि दोघंही आपणच जिंकलो असं सांगत घरी जायचे. त्या वर्षी एका लग्नाच्या पंगतीत बोलण्यातून बोलणं वाढलं आणि पैज लागली. हरेल त्यानं आपल्या पार्टीचा बोर्ड उतरवायचा आणि दुसऱ्याच्या मागे कोरसात बसायचं! पंजाबरावानं हात पुढे केला तेव्हा माझ्या तोंडात अख्खा बुंदीचा लाडू होता. नाहीतर मी विचार करून बोललो असतो. तोंड भरलेलं असल्यामुळे मी नुसती मान हलवली.

बाबांचा बोर्ड उतरणार, ही कल्पनाही मला सहन होत नव्हती. तेवढ्यात कळलं की पंजाबरावानं पेटीच्या आत छोटा माइक बसवून घेतला आहे. मग मात्र मी ठरवलं, आता आपण थेट पुढच्या जमान्यात उडी मारायची. रजा टाकली आणि अकोल्याला एका रेडिओवाल्याचं दुकान गाठलं.

त्यानं माझ्यापुढे तीन वस्तू मांडल्या. पहिलं इको मशीन. त्यात एक वाक्य बोललं की तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू यायचं. ही सोय माझ्या घरी होती. दुसरा इलेक्ट्रिक ऑर्गन. वस्तू भक्कम होती, आवाज गोड होता, पण शेवटी ती पाय फुटलेली पेटीच. आणि तिसरा हा सिंथेसायझर. मुंबईच्या कुठल्याशा रेकॉर्डिंग स्टुडिओतून तो विकायला आला होता. त्या लोकांनी तो का विकला, हे विचारायला हवं होतं, हे मला आज कळतं.

पण त्याच्यावर बटणं काय होती! जिथे बोट ठेवावं तिथे बटण. दुकानदारानं एक फिरवलं तर वादळ सुटलं, दुसरं फिरवलं तर बेडूक ओरडले, तिसरं फिरवल्यावर विमान गेलं आणि मी डोकं खाली घातलं. आपण टरबूज टिचकी मारून निवडतो तसं मी चार-सहा बटणांना टिचकी मारून पाहिली. पेटीवर चार बोटं ठेवली तर चार सूर निघतात. यात चार ठेवली तरी एकच सूर निघायचा. “आपस में झगडा नहीं,” दुकानदार म्हणाला. ते मला फार पटलं.

शिवाय हे प्रोग्रेसिव्ह म्युझिकचं यंत्र आहे, असं तो म्हणाला. प्रोग्रेसिव्ह म्हणजे प्रगतिशील, हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण आमच्या पंचायत समितीत दरवर्षी प्रगतिशील शेतकरी निवडतात आणि त्याला फवारणीचा पंप देतात. प्रगतिशील गायन पार्टी मात्र आजवर एकही झालेली नव्हती. सौदा झाला. निघताना तो दोनदा म्हणाला की व्होल्टेज सांभाळा. मी मान हलवली. त्या वर्षी मी मान फार हलवली.

घरी आल्यावर लिलानं यंत्राला प्रदक्षिणा घातली आणि हे पिकावर मारतात का, असं विचारलं. मी तिला विमान ऐकवलं. तिनं निमूटपणे दुधाचं पातेलं झाकून ठेवलं. मग उकंडदादाला बोलावलं. तो डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिला, आणि काळजीनं म्हणाला, “देवमन, आत कोनी आजारी हाये का बाप्पा?”

जुन्या माणसांना नवं पटायला वेळ लागतो, असं म्हणून मी बाबांची पेटी पलंगाखाली सरकवली. मग पांढरा रंग आणला, आणि बोर्डावर ‘नवजागृती’च्या आधी जी बोटभर जागा होती तिथे ‘प्रगतिशील’ हा शब्द कोंबला. लिला दारात उभी राहून पाहत होती. ती अशी पाहते तेव्हा माझी पाठ खाजते.

तालमी सुरू झाल्या. पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी दादा ऐन कडव्यात असताना यंत्राचा सूर हळूहळू खाली उतरायला लागला. दादाही बिचारा त्याच्यामागे उतरला. गाणं संपेपर्यंत त्याचा आवाज इतका खोल गेला की हेमलानं ढोलकी थांबवून त्याला पाणी दिलं. मी म्हणालो दादाचा दम कमी पडतो. दादा म्हणाला तुझ्या मशीनचा पडतो. असं रोज व्हायला लागलं, आणि रोज संध्याकाळी तालमीच्या जागी भांडण व्हायला लागलं.

याचा उलगडा झाला तो रामकिसनमुळे. हा आमचा शेजारी. आमच्या घरामागे त्याचा संत्र्याचा बगीचा आहे आणि विजेच्या एकाच खांबावरून त्याच्या विहिरीला आणि आमच्या घराला तार येते. एका संध्याकाळी तो तणतणत आला. म्हणाला, “बाबू, तुमचं बाजं माह्या मोटारीची लाईन पेऊन राह्यलं. मोटार नुसती घुमते, पानी वरतं येत नाई!” त्याची मोटार आणि माझं यंत्र एकमेकांच्या ताटातलं खात होते! त्यानं मोटार लावली की व्होल्टेज पडायचं आणि व्होल्टेज पडलं की माझा सूर पडायचा. आम्ही लगेच करून पाहिलं. तो बगीच्यातून ओरडायचा ‘लावली’, की सूर खाली. ‘बंद केली’, की सूर वर. दादाची निर्दोष सुटका झाली. तालमीच्या वेळी मोटार बंद ठेवायची आणि त्या बदल्यात त्यानं ओट्यावर बसून गाणं ऐकायचं, असा रामकिसनशी तह झाला.

मग शेलूबाजारचं काय, हा प्रश्न उभा राहिला. तिथे गावाभोवती सगळे बगीचे आणि विहिरीवर विहीर. जयंती मंडळाच्या अध्यक्षांना, चंपतरावांना, निरोप पाठवायला हवा होता. मंगरूळपीर ते शेलूबाजार जीप चालवणारा रूपला स्टँडवर भेटला. रूपला म्हणजे दादाच्या गळ्याचा भक्त; दादा जीपमध्ये बसला की तो हॉर्नसुद्धा हलक्या हातानं वाजवायचा. मी त्याला बाजूला घेतलं आणि शिकलेला माणूस असूनही शक्य तितक्या सोप्या भाषेत सांगितलं, “रूपला, चंपतरावले सांगजो, आमचं गानं सुरू झालं की सगळ्या मोटारी बंद पाह्यजेत. एक बी मोटार चालू राह्यली तर आमची इज्जत गेली.”

रूपला गंभीर झाला. त्यानं माझा हात दाबला आणि सांगितलं की चंपतरावांना कशाला त्रास, हे काम तो स्वतःच करेल. मला भरून आलं. आमच्या घरामागे मोटार म्हणजे विहिरीवरची मोटार. दुसरी मोटार आळीत होती कोणाकडे? पण मी निरोप देत होतो तो जीपवाल्याला, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

मुकाबल्याच्या दिवशी आम्ही दुपारीच रूपलाच्या जीपमधून निघालो. यंत्र मी मांडीवर घेतलं होतं. लिलानं भाकरींचं एक टोपलं बरोबर घेतलं, ते चढवायला दोन माणसं लागली. इतक्या भाकरी कशाला, म्हणून मी तिच्यावर खेकसलो. माणसं गंज, म्हणजे पुष्कळ, आहेत, एवढंच ती म्हणाली. वाटेत रूपला सारखा मागे वळून सांगत होता की सगळा बंदोबस्त पक्का आहे, सगळे जीपवाले आपल्या बाजूचे आहेत. बंदोबस्तात जीपवाल्यांचं काय काम, हा प्रश्न माझ्या मनात आला. पण यंत्र मांडीवरून घसरत होतं.

दिवेलागणीला आमचं गाणं सुरू झालं. भोंगे कडुनिंबाच्या फांद्यांना थेट बगीच्यांच्या दिशेनं बांधलेले होते. कारंज्याची पार्टी अजून पोचली नव्हती, म्हणून पहिली पाळी आमची. मी वादळाचं बटण फिरवलं. पुढच्या रांगेतली माणसं वर बघायला लागली. मग दादानं सूर लावला, आणि सभा गप्प झाली. मी मनातल्या मनात पंजाबरावाचा बोर्ड उतरवूनही टाकला.

दुसऱ्याच कडव्याला माझा सूर जागचा हलला. थोडा उतरला, थांबला, पुन्हा उतरला. दादानं माझ्याकडे असं पाहिलं की मी ढोलकीच्या आड झालो. मी खुणेनं रूपलाला बोलावलं आणि कानात सांगितलं की मोटारी चालू आहेत. तो शपथेवर म्हणाला की एकही चालू नाही. मी म्हणालो, आहेत, मला सुरावरून कळतं. ही आत्ता आणखी एक सुरू झाली, बगीच्याकडच्या अंगाला. रूपलाच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल इतका आदर मी आधी कधीच पाहिला नव्हता. तो धावतच बगीच्याकडच्या रस्त्यानं गेला.

इकडे मला एक चमत्कार दिसायला लागला. गर्दी वाढत होती. मंडपात बसायला जागा उरली नाही, लोक भिंतींवर चढले. ट्रकवाले आले, एस.टी.चा कंडक्टर तिकिटांच्या पेटीसकट आला, बोचकी घेतलेल्या बायका आल्या. मला वाटलं, सिंथेसायझरची कीर्ती पसरली! मग रूपला परत आला. त्याच्यामागे बाशिंग बांधलेला एक नवरदेव आणि पंचवीस-तीस वऱ्हाडी होते. रूपलानं अभिमानानं सांगितलं, “बाबू, तुमी म्हनले थे खरं! बगीच्याकडून एक मोटार येऊनच राह्यली होती. वऱ्हाडाचा टरक होता. किल्ली काढून घेतली.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गावाच्या दोन्ही बाजूंना जीपवाल्यांनी रस्त्यावर जीपा आडव्या लावल्या होत्या. ट्रक, एस.टी., जे येईल ते उभं. हमरस्त्यावर एकही मोटार हलत नव्हती, आणि बगीच्यांतल्या झाडून सगळ्या मोटारी पाणी ओढत होत्या.

दादाचा आवाज आता विहिरीच्या तळाशी पोचला होता. मी माइक ओढला आणि ओरडलो, “मोटारी बंद करा! सगळ्या मोटारी ताबडतोब बंद करा!”

भोंग्यांचा आवाज बगीच्यांपर्यंत गेला. मंडळाचाच हुकूम दिसतो म्हणून शेतकऱ्यांनी पटापट मोटारी बंद केल्या असाव्यात, कारण माझा सूर एकदम उसळला आणि कडुनिंबाच्या शेंड्याला गेला. दादाही त्याच्यामागे उडी मारायला गेला आणि त्याला ठसका लागला. तेवढ्यात नवरदेवाचा मामा मंचावर चढला. मोटारी बंद करायला सांगणारा माणूस त्याला अखेर सापडला होता. त्यानं माझ्या हातून माइक हिसकावला. “कोन्या शहान्याचं काम हाये हे? तिकडं नवरी मांडवात बसून राह्यली! चालू करा सगळ्या मोटारी, आत्ताच्या आत्ता!”

हाही हुकूम बगीच्यांपर्यंत गेला. एकेक मोटार लागली असती तर निभावलं असतं, पण सगळ्या शिवारानं एकाच क्षणी खटका दाबला. गावाबाहेरच्या विजेच्या डी.पी.वर मोठी ठिणगी उडाली, फटाक्यासारखा आवाज झाला आणि अख्खं शेलूबाजार अंधारात बुडालं. माझं यंत्र एकदा कण्हलं आणि गप्प झालं. दादाचं म्हणणं खरं होतं, आत कोणीतरी आजारीच होतं.

अंधारात लोकांची कुजबुज वाढली, मागून एक शिट्टी आली. माझ्या डोळ्यांपुढे बाबांचा बोर्ड होता. कुठल्याही क्षणी लाईन येईल या आशेवर मी चाचपडत बटणं फिरवत राहिलो. तेवढ्यात दादानं गायला सुरुवात केली. माइक नाही, भोंगा नाही. कोणत्याही खांबावरून न येणारा, त्याचा स्वतःचा सूर त्यानं लावला. हेमलानं ढोलकीवर थाप दिली. कुजबुज थांबली. आणि मग पेटी ऐकू आली.

पेटी बाबांची होती. तिची एक पट्टी जरा घोगरी वाजते, ती मी झोपेतही ओळखेन. पण ती तर घरी पलंगाखाली होती! तिचा भाता इतक्या हळुवार हातानं चालत होता, सूर दादाच्या गळ्याला असा बिलगून जात होता, की मला खरंच रडू आलं. ती पेटी मी वाजवायला हवी होती, आणि मी मेलेल्या यंत्राची बटणं फिरवत होतो. दादा तीन गाणी गायला. नवरदेवाच्या मामानंही जाण्याचं नाव काढलं नाही.

गाणं संपलं तशा टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. अंधारातून चंपतराव हार घेऊन मंचावर आले. त्यांनी मला हाक मारली, अशी पेटी आयुष्यात ऐकली नाही म्हणाले आणि चाचपडत माझ्याच गळ्यात हार घातला. आता खरं सांगावं, असं माझ्या मनात येत होतं. पण हार मोगऱ्याचा होता, ताजा होता. तेवढ्यात रूपलानं आमच्या सन्मानासाठी आपली जीप वळवली आणि दोन्ही दिवे थेट मंचावर सोडले.

सगळ्या सभेला दिसलं. पेटीवर पंजाबराव बसला होता, वाटेतल्या जीपांपासून पायी आल्यामुळे धुळीनं माखलेला. त्याच्या बाजूला लिला उभी होती, हातात भाकरींचं ते जड टोपलं, आता रिकामं. आणि गळ्यात हार घालून मी उभा होतो, एक हात वादळाच्या बटणावर. हशा असा उसळला की नवरदेवाचं बाशिंग घसरलं.

हशा ओसरल्यावर मी पंजाबरावाला विचारलं की त्यानं असं का केलं. गप्प बसला असता तर पैज त्याचीच होती. त्यानं भाता बंद केला आणि म्हणाला, “दादा गाऊन राह्यला आन पेटी चूप? मले नाई पाहवलं, भाऊजी.” मी हार काढून त्याच्या गळ्यात घातला. एवढं एक काम त्या दिवशी मी बरोबर केलं.

चंपतरावांनी निकाल दिला. गळा मंगरूळपीरचा, हात कारंज्याचा, तेव्हा कोणीच हरलं नाही. दोन्ही बोर्ड राहतील, आणि पुढच्या वर्षीपासून जयंतीला दोघांनी एकत्र गायचं. माझ्या छातीवरचा दगड उतरला. मग कोणीतरी विचारलं, देवमनबाबूंचं काय? दादानं माझ्याकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, “त्याले कोरसात घेऊ. मशीन नसली म्हंजे त्याचा आवाज बरा हाये.”

घरी आल्यावर मी बोर्डावरचा ‘प्रगतिशील’ खरवडून काढला. लिलानं शिडी धरली. पलंग पुन्हा आमच्याकडे आला.

आता सिंथेसायझर कुठे आहे, हे तुम्ही विचारालच. तो रामकिसनच्या बगीच्यातल्या झोपडीत आहे. व्होल्टेज किती आहे हे त्याच्या सुरावरून कळतं म्हणून रामकिसन तो मागून घेऊन गेला. आता आमच्या शिवारात मोटार लावण्याआधी लोक बांधावरून त्याला ओरडून विचारतात की सूर कोणता आहे, आणि तो ‘काळी चार, लावा!’ असं सांगतो. तेव्हापासून एकाचीही मोटार जळाली नाही. साहेब लोक येऊन ते पाहून गेले आणि त्या वर्षीचा प्रगतिशील शेतकरी म्हणून रामकिसनची निवड झाली. फवारणीचा पंपही मिळाला.

त्याच्या प्रमाणपत्रावरचं नाव पंचायत समितीत मीच लिहिलं. ‘प्रगतिशील’ या शब्दाला मी जागा भरपूर सोडली होती, त्यामुळे तो अजिबात कोंबल्यासारखा दिसत नाही. माझं अक्षर चांगलं आहे, हे मात्र दुसरेही सांगतात.